दोन वीत जास्त

पळस फुलला की मला राग येतो.

कारंज्याकडून कामरगावला येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांनी तो उभा असतो. अंगावर एक पान नाही आणि फांद्या पेटलेल्या. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. मी खिडकीची काच वर करते. पळस म्हणजे आमच्याकडे परीक्षा. कडुलिंबाचा बारीक मोहोर अंगणात सांडलेला असायचा, दुपारी टिनाचं छप्पर तडतडायचं, दौतीतली शाई कोमट व्हायची, आणि घरात कुणी मोठ्यानं बोललं की माय ओठांवर बोट ठेवायची, पोरगी वाचून राह्यली म्हणून. ती पोरगी मी. खरं तर ते दिवस मला आवडायला हवे होते. ते सगळे माझ्यासाठीच राखून ठेवलेले होते. कितीतरी वर्षं मला वाटायचं, हा राग उन्हाचा असेल.

गेल्या वर्षी, पेरण्यांच्या आधी, माझा धाकटा भाऊ गौतम गेला. यंदाचा हा त्याच्याशिवायचा पहिला पळस. आता उन्हावर ढकलता येत नाही.

तो गेल्यावर भेटायला आलेली माणसं अंगणात बसायची, चहा घ्यायची आणि सगळी एकच बोलायची. "लय कामाचा माणूस होता जी." "अर्ध्या रातीबी हाक मारा, कामी ये." एक म्हातारे गृहस्थ रडत रडत म्हणाले, "गावात असं एक लगन नाई बाई, जठी गौतमभाऊनं सतरंजी टाकली नसन." त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. मी मान खाली घालून बसले होते आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते, इतकं घट्ट की बोट पांढरं पडलं. मला त्यांना विचारायचं होतं, कुणाच्याच कामी न येणारी एखादी गोष्ट करताना तुमच्यापैकी कुणी त्याला पाहिलं आहे का?

मी पाहिलं होतं. एकदा.

सत्तरच्या दशकातली ती वर्षं. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन हंगाम झाले होते. वाशीम जिल्हा तेव्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. गौतम बारा-तेरा वर्षांचा आणि मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. बाबा गावच्या शाळेत शिपाई होते. माय शेतात मजुरीला जायची. बाजाराच्या रस्त्यावर एका शिंप्याचं दुकान होतं आणि त्याच्या मशीनमागे, खोक्यावर ठेवलेला, गावातला एकमेव कॅरम. संध्याकाळी चार मोठी माणसं तिथं बसायची. चौथा आला नाही की शिंपी गौतमला हाक मारायचा. सुरुवातीला गंमत म्हणून. पुढे पुढे चौथा आला तरी त्याला थांबवून ठेवायचे.

मायनं मला झंपर आणायला पाठवलं होतं. दारातून पाहिलं तर गौतमची पाळी होती. घरी हा मुलगा एका जागी बसत नसे. जेवतानासुद्धा त्याचा पाय हलायचा. तिथं त्याचं सगळं अंग थांबलेलं होतं. बोरिक पावडरीनं पांढरं झालेलं एक बोट तेवढं पुढे आलं, स्ट्रायकर समोरच्या काठाला लागून परत फिरला, आणि राणी अशी हळूच भोकाशी गेली, जरा थांबली आणि उतरली. जणू विचारूनच गेली. शिंपी म्हणाला, "च्यायला, याच्या बोटात काय भरलं आहे बे?" गौतमनं ते ऐकलंच नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखीचं होतं. मी पुस्तकात बुडालेली असताना माझं तोंड कसं दिसतं ते माय नक्कल करून दाखवायची. अगदी तसंच.

म्हणजे मी ओळखलं होतं. हे मला लिहून ठेवायचं आहे. मला कळलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

पुढे शिंपी दुकान उचलून मूर्तिजापूरला गेला. मशीन गेली तसा कॅरमही गेला. गौतम काही दिवस त्या बंद फळीसमोरून शाळेत जायचा, मग त्यानं रस्ता बदलला. आणि त्या थंडीत, कापसाची वेचणी संपता संपता, ज्यानं आजवर चड्डीसुद्धा मागून घेतली नव्हती त्यानं कॅरम मागितला.

कारंज्याला वह्या-पुस्तकांच्या एका दुकानात तो टांगलेला होता. गौतमनं मला नेऊन दाखवला. गुळगुळीत, पिवळसर, काळ्या जाड काठाचा, चारी कोपऱ्यांत जाळ्या. दुकानदार हात लावू देत नव्हता. गौतम हात पाठीमागे बांधून उभा राहिला, देवळाबाहेर उभं राहावं तसा, आणि म्हणाला, "ताई, पाह्य ना, कुठंच जोड नाई."

मायनं हिवाळाभर वेचणी केली होती. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं फाटली होती. कॅरम येईल एवढे पैसे तिच्याजवळ होते आणि तिनं ते द्यायचं कबूल केलं होतं. गोष्ट इथंच संपायला हवी होती. एक पोरगा, एक कॅरम. पण बाबा हनीफचाचांना घेऊन आले.

हनीफचाचा सुतार. आमच्या घराचं दार त्यांनीच बसवलेलं. बाबांचा आणि त्यांचा बिडीचा दोस्ताना. ते अंगणात उकिडवे बसले आणि म्हणाले, "कायले कारंज्याले जाता? मी टेबल बनवून देतो. सागाचा. वर कॅरम, खाली ड्रावर. खेलो भी, पढो भी. त्याच पैशात दोन कामं."

बाबांचे डोळे चमकले. त्या चमकेवर मला आजही रागावता येत नाही, आणि म्हणूनच जास्त राग येतो. बाबा आयुष्यभर टेबलं पुसत होते. हेडमास्तरांचं, गुरुजींचं, तपासणीला साहेब आला की त्याच्यासाठी डोक्यावर वाहून आणलेलं. आमच्या सगळ्या वस्तीत एकाही घरात टेबल नव्हतं. त्यांच्या बापाला शाळेच्या ओट्यावर चढू दिलेलं नव्हतं. त्या माणसाच्या घरात टेबल येणार होतं.

"बाबा, कारंज्याचाच आना," गौतम म्हणाला. "तो खरा आहे."

"खरा म्हंजे काय रे?"

"खरा म्हंजे..." त्यानं तळहात हवेत सपाट फिरवला. "खरा."

हनीफचाचा हसले. "अन् मी काय खोटा बनवतो का बे?"

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पोराचं तोंड तं पाहा जरा." पैसे तिचे होते, पण बोलून ती पुन्हा भाकरीकडे वळली. घरात शिकलेल्यांचं ऐकायचं असा आमचा नेम होता आणि ती शिकलेली नव्हती.

मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "बोल वो मास्तरीण. तू सांग. तू जे म्हणशीन ते."

मी तेव्हा जमिनीवर पालथी पडून वाचायची. कोपरं सोलवटलेली असायची. कंदील वहीवर धूर सोडायचा. टेबल हा शब्द ऐकल्यावर मला त्याच्यावर ठेवलेली माझी पुस्तकं दिसली होती, एकावर एक, कडेला कडा लावून. मी गौतमकडे पाहिलं नाही. मी म्हणाले,

"टेबलच करा. खेयता येते अन् अभ्यासालेई कामी येते."

झालं. एवढंच वाक्य. बाबांनी मांडीवर थाप मारली. "पाह्य! शिकलेल्या पोरीचं डोकं पाह्य!"

त्या वाक्यात काय वाईट आहे, असं कुणीही विचारेल. मी स्वतःला पन्नास वर्षं विचारते आहे. खोटं नव्हतं, स्वार्थाचं असलं तरी वेडंवाकडं नव्हतं. आणि मला आता त्याच्याच गुळगुळीतपणाचा संताप येतो. ज्याला पोटभर आहे त्याच्या पोरानं पतंग मागितला तर त्याला पतंग मिळतो. पतंगानं घर झाडता येईल का, असं त्याला कुणी विचारत नाही. आमच्या पोरांनी काही मागितलं की त्या वस्तूला आधी दुसरं एखादं काम शिकवावं लागतं, तेव्हा ती दारातून आत येते. नुसतं खेळायला म्हणून आमच्याकडे काही आलंच नाही. आणि हे आम्हाला बाहेरच्या कुणी येऊन सांगितलं नव्हतं. अंगणात बसून, आपल्याच तोंडानं, आपल्याच भावाला मी सांगितलं.

पुढे जे झालं ते फक्त आमच्याच घरात होऊ शकतं. बाबांनी सुतळी घेतली आणि शाळा सुटल्यावर हेडमास्तरांच्या टेबलाचं माप घेतलं. लांबीला एक गाठ, रुंदीला एक गाठ. ती सुतळी त्यांनी हनीफचाचांना नेऊन दिली, आणि हनीफचाचांनी त्या गाठींबरहुकूम टेबल केलं. आयुष्यात त्यांनी कॅरम जवळून पाहिलेला नव्हता. लाकूड चांगलं, पाय घट्ट, कोपऱ्यांना चार भोकं, वर तासलेल्या पट्ट्यांची कड. फक्त ते लांबट होतं. टेबल लांबटच असतं.

गौतम हनीफचाचांच्या दुकानात जाऊन उभा राहिला होता. "चाचा, कॅरम असा नाई राहत. चारी बाजू सारख्या पायजेत."

"तुह्या बापानं माप देलं, मी कापलं."

तो बाबांकडे आला. बाबांनी टेबलाला एकदा वीत लावून पाहिली, दुसऱ्या बाजूनं लावून पाहिली, आणि खरोखर आनंदानं म्हणाले, "अरे, दोन वीत जास्त भेटून राह्यल्या तुले! कमी असतं तं बोलला असता."

मी हसले होते.

टेबल घरात आलं तेव्हा वस्तीतले लोक पाहायला आले. बाबांनी सगळ्यांना ड्रावर उघडून दाखवला. ड्रावर उजव्या बाजूला होता, आणि त्याच्या बरोबर वर उजव्या हाताचं भोक. त्या भोकात गेलेली सोंगटी थेट माझ्या वह्यांवर पडायची, टप्पकन. मी वाचत नसले तरी तो ड्रावर उघडायच्या आधी मला विचारायचा, "ताई, काढू का?" दुसऱ्या एका भोकात मी चिंधी कोंबून माझी दौत बसवली, सांडू नये म्हणून. परीक्षेच्या दिवसांत गौतम तीन भोकांवर खेळायचा. टेबल तीन फळ्यांचं होतं. पळस फुलून ऊन वाढलं तसं लाकूड सुकलं आणि फळ्यांच्या मधे फटी पडल्या. सोंगटी तिथं आली की अडखळायची, किंवा उडी मारायची. त्यानं मेणबत्तीचं मेण वितळवून फटी भरल्या. काचेच्या बाटलीच्या बुडानं दुपारभर घासल्या. मी ओरडायची, आवाज बंद कर, माझं ध्यान लागून नाई राह्यलं. तो थांबायचा. मी पाणी प्यायला उठले की पुन्हा घासायचा, आणि मी परत येईपर्यंत टेबल पुसून ठेवायचा. त्याचं ते पुसणं हुबेहूब बाबांसारखं होतं. हे मला तेव्हा दिसलं नाही.

आणि तरी तो शिकला. मी झोपल्यावर, मी उठायच्या आधी, मी परीक्षेला गेल्यावर, मिळेल त्या वेळात तो त्या लांबट टेबलावर खेळत राहिला. कुठली फट किती अडवते, समोरची कड किती जवळ आहे, कोपरे किती लांब आहेत, सगळं त्याच्या बोटात उतरलं. चाळीस वर्षं शिकवून मला एक कळलं आहे. खोट्या पाटीवरसुद्धा पोरं मन लावून गिरवतात. अक्षर चुकीचं असलं म्हणून त्यांची मेहनत कमी नसते.

जयंतीच्या महिन्यात कारंज्याला एका मंडळानं मुलांच्या स्पर्धा ठेवल्या. निबंध, भाषण आणि कॅरम. मी निबंधाला गेले, गौतम कॅरमला. बाबा सदरा धुऊन आमच्याबरोबर आले. बसमध्ये ते शेजारच्या माणसाला सांगत होते, "दोघंबी एकाच टेबलावर शिकले."

मांडवात चटया टाकलेल्या. कॅरम बुटक्या चौरंगावर, खेळणारे मांडी घालून. गौतमला घरी उभ्यानं खेळायची सवय. तो बसला, परत उठला, परत बसला. समोर कारंज्याचा एक मुलगा होता, आरामात च्युइंगगम चघळणारा. गौतमनं कॅरमवरून तळहात फिरवला, हळू, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. कुठंच जोड नव्हता.

पहिला फटका कोपऱ्याच्या बाहेर गेला. वीतभर. दुसरा तसाच. तिसराही तसाच. सोंगटी प्रत्येक वेळी भोकापासून एक वीत बाहेर, कडेला लागायची आणि परत यायची. चार-पाच फटक्यांनंतर मला कळलं. त्याचा हात चुकत नव्हता. हात अगदी बरोबर होता. जिथं आमच्या टेबलाचं भोक असतं तिथं, दोन वीत लांबच्या त्या भोकात, तो प्रत्येक सोंगटी बिनचूक घालत होता. फक्त तिथं भोक नव्हतं.

"काय बे वस्ताद, चष्मा आनू का?" मागून कुणीतरी म्हणालं. "कामरगावले भोकं वावरात राहतात वाटते!" मांडव हसला. बाबाही कसनुसं हसले. आपल्याला कळलं नाही असं दिसू नये म्हणून माणूस हसतो तसं. गौतमनं मान वर केली नाही. शेवटी शेवटी तो फटका मारण्याआधी डोळे मिटून घ्यायला लागला. मला वाटलं, रडतो आहे. आता वाटतं, तो मनातलं ते टेबल पुसून टाकायला बघत होता. तेवढा वेळ त्याच्याजवळ नव्हता.

मला निबंधात पहिलं बक्षीस मिळालं. विषय लिहीत नाही, लाज वाटते.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले. खिडकीबाहेर पळसाची फुलं गळून जमिनीवर पडलेली होती, सुकून काळी झालेली. कामरगाव जवळ आल्यावर गौतम एकदम म्हणाला, "ताई, त्यायचा कॅरम लहान होता."

बाबा इतके हसले की कंडक्टरनं वळून पाहिलं. आमच्या घरात हे वाक्य पुढे पन्नास वर्षं चाललं. कुणी नापास झालं, कुणाचं लग्न मोडलं, कुणी निवडणुकीत पडलं, की कुणीतरी म्हणायचंच, त्यायचा कॅरम लहान होता. गौतमच आधी म्हणायचा. सगळे हसायचे. मीही. त्यानं आमच्यावर केलेला तो उपकार होता आणि आम्ही तो मुकाट्यानं घेतला.

त्यानंतर त्यानं स्ट्रायकर हातात धरला नाही. कुणाला सांगितलं नाही, भांडला नाही. एके दिवशी दौत दुसऱ्या भोकातून तिसऱ्यात गेली, कंदील चौथ्यावर ठेवला गेला, आणि कॅरम संपला. टेबल राहिलं. सोंगट्याही कामी आल्या. एक टेबलाच्याच आखूड पायाखाली गेली, दोन मायनं डब्याच्या झाकणाला मुठी म्हणून लावल्या. आमच्याकडे काही वाया जात नाही. मी त्या टेबलावर मॅट्रिक झाले. अकोल्याला शिकायला गेले. मागे खर्चाची ओढाताण झाली तेव्हा गौतमनं शाळा सोडली आणि पुढे बाबांच्या जागेवर शिपाई म्हणून लागला. बाबांचीच टेबलं त्यानं पुसली.

एकदा सुट्टीत मी त्याला शोधत शाळेत गेले होते. स्नेहसंमेलनाचे दिवस. खेळांच्या खोलीत तो मुलांसाठी कॅरम मांडत होता. त्यानं पावडर टाकली, फडक्यानं सारखी केली, मधे राणी ठेवली आणि तिच्याभोवती सोंगट्या लावल्या, एक काळी, एक पांढरी, इतक्या जपून की एकीलाही दुसरीचा धक्का नाही. मग मागे सरकून त्यानं ते वर्तुळ पाहिलं. मी दारात उभी होते. मार, मी मनात म्हणत होते, एक फटका मार रे. त्यानं हात फडक्याला पुसले आणि घंटा द्यायला गेला.

आता गेल्या वर्षीचं सांगते. पळसाचेच दिवस. गौतम खाटेवर होता. शेजारी तेच टेबल, त्याच्यावर मिक्सर, पाण्याचा जग, कागदपत्रं. ज्या भोकात माझी दौत असायची तिथं त्याच्या औषधाची बाटली बसवलेली. त्याची नात तेजू, आठवीतली, गेम खेळायचं यंत्र मागत होती, टीव्हीला जोडतात ते, कन्सोल. तिचा बाप प्रशांत, म्हणजे गौतमचा मुलगा, म्हणत होता की त्याच पैशात अकोल्याचा एक ओळखीचा माणूस सुटे भाग जोडून गेम चालतील असा कॉम्प्युटर करून देतो. आत्ता जरा हळू चालेल, पण पुढे भाग बदलता येतील.

"कॉम्प्युटरवर अडकते ना बाबा," तेजू म्हणत होती. "मैत्रिणीकडे कन्सोल आहे. लावला की सुरू."

"अन् गेम सोडून दुसरं काय होते त्याच्यात?" प्रशांत म्हणाला. मग त्यानं खाटेकडे पाहिलं. "आबा, तुमी सांगा."

गौतमनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे. "कॉम्प्युटरच घ्या," तो म्हणाला. "खेयता येते अन् अभ्यासालेई कामी येते."

शब्द न् शब्द तोच. मला वाटलं, तो मला टोचतो आहे. मी त्याचा चेहरा शोधला, कुठं हसू दिसतं का म्हणून. नव्हतं. तो मनापासून बोलत होता. त्याला ते पटलेलं होतं. ज्याचा बळी गेला त्यानंच तो सुरा जपून ठेवला, पुसला आणि पुढच्याच्या हातात दिला. मला इतका संताप आला की मी उठून अंगणात गेले. आजारी माणसावर रागावू नये म्हणून गेले. पुढच्या वेळी बोलू, म्हटलं. दोन महिन्यांनी तो गेला.

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लोक म्हणतात दुःख होतं, पोकळी होते. माझ्यापाशी नुसतं भांडण उरलं आहे, आणि समोर कुणी नाही.

गेल्या रविवारी मी कामरगावला गेले. तेजूची परीक्षा संपत आलेली. गौतमच्या जाण्यानं राहून गेलेल्या कॉम्प्युटरचं प्रशांतनं अकोल्याच्या माणसाला पुन्हा सांगून ठेवलं होतं, फक्त होकार कळवायचा होता. तो म्हणाला, "आत्या, आबांची शेवटची इच्छा होती. त्यायनंच सांगतलं, अभ्यासालेई कामी येते."

"ते त्याचं वाक्य नाही," मी म्हणाले. "माझं आहे."

आणि मग सांगितलं. टेबलाशी बसून, सगळं. शिंप्याचं दुकान, राणी, मायची बोटं, सुतळीच्या दोन गाठी. मांडवातला तो हशा. ह्या पोरांनी आजवर त्याचा नुसता विनोद ऐकला होता. मग प्रशांतनं हळू आवाजात, मला दुखवायचं नाही अशा बेतानं विचारलं, "पण आत्या, तू त्याच टेबलावर शिकली ना? ते नसतं तं?"

"हो," मी म्हणाले. "शिकले. म्हणूनच इतकी वर्षं मला तोंड उघडता आलं नाही."

हे उत्तर नव्हतं, मला माहीत आहे. मला टेबल हवं होतं. मला ते मागायचा हक्क होता, आणि त्याला कॅरम मागायचा. दोन पोरांच्या दोन गरजा एका वस्तूत कोंबल्या, एकीची भागली, आणि दुसऱ्याला आम्ही आयुष्यभर पटवून दिलं की त्याचीही भागली.

तेजू टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. औषधाची बाटली केव्हाच काढली होती; ते भोक रिकामं होतं. तिनं त्यात दोन बोटं घालून पाहिली.

"तुला काय पाहिजे?" मी तिला विचारलं.

"कन्सोल."

"काहून?"

ती गोंधळली. बापाकडे पाहिलं तिनं. काहीतरी कारण तयार करत होती, मला दिसत होतं. हातांचा आणि डोळ्यांचा मेळ बसतो, इंग्रजी सुधारतं, असं काहीतरी, पोरं हल्ली शिकून ठेवतात. मी थांबले. तिच्या तोंडाशी आलेलं ते तिनं गिळलं, आणि म्हणाली,

"खेळायला."

पुढे काही नाही. आमच्या घरात हा शब्द एकटा कधी उच्चारलाच गेला नव्हता. प्रशांत माझ्याकडे पाहत राहिला. बाबांनी पाहिलं होतं तसंच, शिकलेल्या बाईनं त्याला काहीतरी जोडावं म्हणून.

मी काही जोडलं नाही.

त्यानं फोन उचलला आणि अकोल्याच्या माणसाला सांगितलं, "नाई, कॉम्प्युटर राहू द्या." पलीकडून त्यानं कारण विचारलं असावं. प्रशांत जरा अडखळला, मग म्हणाला, "पोरीले खेयाचं आहे."